तुयी वर्दी न माया मार

आयुष्मान भाऊ नवीनले भाऊसिंगचा जय सेवालाल. इकडे मी न म्हैस दोघंही खुशाल आहो. तुयी तब्येत, तुयी ड्यूटी न तुया साहेबाचा राग कसा आहे ते कळवजो. (फोनवर तू "बोल दादा, लवकर बोल" म्हणतं, मंग मले काहीच आठवत नाही. म्हणून पत्र.) होळीले येतं का नाही ते पहिले लिहजो. याडी वारल्यावर "मायच नाही, आता कोणाले भेटाले येऊ" म्हणून जो गेला, तो तू काही फिरकला नाही.

तांड्यातल्या मंजूनं नाटक लिहिलं. (वाशिमले कॉलेजात जाते, डोकं तेज न जीभ त्याहून तेज.) नाटक आपल्या बापाचंच होय. बाजारात कोणाचा तरी बैल चोरीले गेला, न तांड्याचा माणूस दिसला म्हणून पोलिसानं बापाले उचलून नेऊन झोडपलं, ते. नाटकात बाप झाला ललिताबाईचा पोरगा करण. पोलीस व्हाले मातर कोणीच तयार होईना. एकाची बायको नाही म्हणे, एकाचे गुडघे दुखत. मंग मी म्हटलं, मी होतो. पोलिसाची वर्दीही घरातच होती, तू पेटीत ठेवून गेलेली जुनी. पोट मावत नव्हतं म्हणून खालच्या गुंड्या सोडून दिल्या.

चौकात बाया पुढं, माणसं मागं. मी काठी आपटत आलो तशी सारी कुजबुज बंद. खरं सांगतो, मले मजा वाटली. जलमात मले कोणी भ्यालं नव्हतं, म्हैससुद्धा नाही. "तुमची जातच चोराची" म्हणलं न काठी हाणली. (हाणाची होती बाजूले ठेवलेल्या गादीवर, बसली करणच्या पाठीत.) करण खरोखर वरडला, "याडी वं!"

मंजूच्या मनात याडी म्हणजे त्याची माय. पण आपल्या तांड्यात कोणती म्हातारी याडी नाही? झालं! पुढच्या साऱ्याच बाया उठल्या. एकीनं काठी हिसकली, दुसरीनं चप्पल काढली, न ललिताबाईनं कॉलर धरून मले खाली ओढलं. मी सांगून राह्यलो का हे नाटक होय, मी भाऊसिंग होय. पण वर्दीत कोण आहे हे पाहते कोण? मागची माणसं टाळ्या वाजवून राह्यली. शेवटी मायाही तोंडून तेच निघालं, याडी. तवा ललिताबाईचा हात थांबला.

"थांबा वं, हा तं आपलाच होय," ती म्हणली.

आपलाच होय, पण तवापासून तांडा मले जमादार म्हणते. पोरं पाहून पळतात. ललिताबाई चहा देते, पण दारातच. अर्धा तांडा ऊसतोडीले गेला, उरलेला बोलत नाही, म्हणून संध्याकाळी म्हशीसंग बोलतो. लय एकटं वाटते रे. एकच दिवस वर्दी घातली तं हे हाल. तू तं रोज घालतं. तुयं काय होत असंल, हे मी आजवर कधी इचारलंच नाही.

तुया दादा,
भाऊसिंग

ता.क. : वर्दीची बाही फाटली. शिवून ठेवली आहे. शिवण वाकडी आहे, रागावू नको.

ता.क. दुसरा : होळीले नाटक पुन्हा आहे. मंजूनं याडी खोडून 'आई' लिहिलं. आता कोणीच उठणार नाही म्हणते.

ता.क. तिसरा : कोणाले भेटाले येऊ म्हणत होता न? होळीले साध्या कपड्यात ये, चौकात उभा राहा, न एकडाव याडी म्हणून हाक मार. किती उठतात ते पाह्य.