पंगतीतली निनावी पाने

कुंभकोणम्,
१० एप्रिल १९९८

चिरंजीव जयतीर्थास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

सौ. वेंकटलक्ष्मीचे गुडघे कसे आहेत? नागपूरच्या थंडीने धरले होते म्हणालास, आता उन्हाने सुटले असतील. लेकीचा, गोदाचा, खोकला गेला का? तिला मिऱ्याचे सार करून घाला. तिच्या सासूबाई काठी सोडून चालू लागल्या का? तुझे विचारणे शेवटी ठेवले आहे.

मी ठणठणीत. मठातली रामनवमीची पंगत पार पडली. आचाऱ्याने नेहमीसारखेच सांबार तिखट केले.

नवल सांगतो. मठाला कुणीतरी जुना संगणक दिला. मी पुस्तक मांडीवर घेऊन एकेक कळ दाबत शिकलो. शाळेत माझे घोडे सातवीतच अडले, पण शिकायची खोड जात नाही. आचाऱ्याला तांदूळ किती काढून द्यायचे ते कळावे म्हणून पंगतीची टिपणे मी दर वर्षी ठेवतो ना: वर्ष, पान, आणि त्या पानावर कोणत्या घरचे माणूस जेवले. ती सगळी एक्सेलमध्ये घातली. त्यात पिवट टेबल म्हणून करामत आहे. जात्याच्या मधली खीळ समज, सगळे तिच्याभोवती फिरते. घर डावीकडे ओढले, वर्ष वर ओढले, पान मधे सोडले, की पीठ बाहेर: कोणत्या घरची कोणत्या वर्षी किती पाने.

आमचा अध्यक्ष शंकरनारायण म्हणत होता, "बाळण्णा, सगळे परगावी गेले. पंगत काय खांबांना वाढायची? पुढल्या वर्षी आचारी नको." म्हणून मी आलेख काढून त्याच्यापुढे ठेवला. घरांची रेघ उतरत गेलेली. पण खालून दुसरी एक रेघ चढत आलेली.

"ही कुणाची?"

"ज्या पानापुढे नाव नाही, त्यांची. यंत्र त्या ओळीला ब्लँक म्हणते."

पंगतीच्या टोकाला वाटसरूंसाठी पाने मांडतो, ती. तिथे बसणाऱ्याला नाव विचारायचे नाही, ही आपली रीत. मी उष्टे पान तेवढे मोजतो आणि नावाची जागा मोकळी सोडतो. पाने उचलणाऱ्या अलमेलुला विचारले, तर म्हणाली, "सामी, मी तोंडे कशाला बघू? पान उष्टे असते, मी उचलते." वाढणाऱ्यांनाही कुणाचा चेहरा आठवेना.

मग मी वर्षे पडताळली. नागलक्ष्मी आत्या गेली त्या वर्षी रेघ एकाने चढली. दारासुरम्‌चे दोघे भाऊ गेले तेव्हा दोनाने. कुणी मुंबईत डोळे मिटले, कुणी बंगळुरात, पण जेवायला इथे. रेघ एकदाही उतरली नाही. शंकरनारायणाने कागद पालथा घातला आणि म्हणाला, "आचारी राहू द्या."

मला भय वाटले नाही, खरे सांगतो. तुझ्या वहिनीशिवायची ही पहिली रामनवमी. टोकाचे पहिले पान मी स्वतः पाहिले. सगळे जेवून लोणचे तेवढे बाजूला सारलेले, तिच्यासारखे. तिथेच जरा बसलो. बरे वाटले.

या वर्षात आपल्यातले गेलेले माणूस ते एकच. रेघ मात्र दोनाने चढली आहे.

माझा हात चुकला असेल म्हणून सगळे पुसून पुन्हा मांडले. दोनच येतात. तिच्या शेजारचे पानही मी पाहिले होते. ते लिहायचे टाळत इथवर आलो. त्याच्या कोपऱ्यात कढीलिंबाची पाने एकावर एक रचलेली, आणि वर मोहरीचा दाणा. आई तुला त्यावरून रागवायची, "जेवतोस की गोपूर बांधतोस?"

काल फोन लावला होता. घंटा वाजू लागताच ठेवला. उचलणारे काय सांगेल, त्याचा धीर होईना.

तुझ्या घराची ओळ मी टेबलातून काढलेली नाही. तू येत नाहीस तरी तिथे तुझे नाव आहे, आणि ते तिथेच राहावे.

संक्रांतीपासून तुझे अक्षर नाही. तेव्हा आता विचारतो. जयतीर्था, तू कसा आहेस? हे हाती पडताच दोन ओळी का होईना, लिही. गोदाकडून लिहवून घेऊ नकोस. तुझ्या हाताने लिही.

टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझा बाळण्णा