गुळाचा आळ

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण आज बोलले नाही तर डोकं फुटेल माझं. आत्याचा दुसरा रिपोर्ट आला. साखर उतरलीच नाही! तुझ्या त्या नणंदेची! आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

आठवतं, गुळाच्या डब्याला तिनं कुलूप घातलं होतं? नळावर बायकांना सांगायची, "आमची तारा रातचं उठून गूळ खाती. न्हाईतर सकाळी उपाशीपोटी साखर एवढी कशी येती?"

तू म्हणायचीस, "वन्सं, देवाशप्पत, जिभंवर ठेवला न्हाई." एवढंच! भांडली का नाहीस गं कधी?

आणि तुझ्या हिरड्या! सुजलेल्या, सारखा पू. तू आपली मिश्रीचं बोट फिरवायचीस आणि कामाला लागायचीस. शिरूरच्या डॉक्टरांनी दात काढायला सांगितलं, तर हीच आडवी आली. "वरचं दात काढलं की डोळं जात्यात. आंधळी व्हायचंय व्हय तुला?" झालं! दात राहिले, पूही राहिला.

परवा पुण्याला एमेस्सीच्या तासाला मॅडम लिव्हर शिकवत होत्या. इन्शुलिन लिव्हरच्या पेशींना सांगतं, बास, आता रक्तात साखर सोडू नका. पण अंगात कुठं कायमची सूज असली की तिचे निरोप रक्तातून तिथवर जातात, आणि पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा होतात. मग माणूस उपाशी झोपला तरी लिव्हर रात्रभर साखर ओततच राहतं. आई, तुझी सकाळची साखर!

मी हिरड्यांचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "कारण एकच नसतं. पण जुनाट पू साखर वाढवू शकतो, हो." मी वर्गातून उठून बाहेर गेले. रडले नाही, नुसते दातओठ खाल्ले.

तुझ्या दहाव्याला घोड नदीच्या काठी कावळा शिवेना. दादांनी बाप म्हणून माझं लग्न लावायचा शब्द दिला, मी शिकायचा दिला. तरी नाही. तेव्हा आत्यानं पिंडावर गुळाचा खडा ठेवला आणि कावळा झपकन आला. "बघा! जीव गुळातच अडाकला हुता!" सगळ्या भावकीनं माना डोलावल्या. मेल्यावरही तुला चोर ठरवलं गं! इनामगावात अजून तेच बोलतात.

आता तिच्याच पायाची जखम चिघळलीय. आज माझा हात धरून म्हणाली, "सुमे, गोड सोडलंय गं मी, कुणाला खरंच वाटंना." मी म्हटलं, "मला तरी कसं वाटावं?" तिचं तोंड बघायला हवं होतंस!

उद्या तिला दौंडला दवाखान्यात नेणार आहे. जखम कुजू देणार नाही, तेवढी मी तुझी लेक आहे. पण तुझ्या वर्षश्राद्धाला सगळी भावकी जमेल, तेव्हा पान वाढायच्या आधी तिला उभी करीन. तारानं गूळ खाल्ला नव्हता, हे तिच्याच तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेईन. दादा मध्ये पडतील, पडू देत. ती रडेल, रडू दे. तुला तिची दया येईल, माहितीये मला. मला येणार नाही. हा माझा शब्द आहे, आई.

तुझीच,
सुमन