न अडणाऱ्या रायफलीची शिफारस मी मागे घेते

मी, जाई गोपीनाथ चोगले, वय २७, मूळ राहणार हर्णै, तालुका दापोली, सध्या राहणार आंग मो किओ, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही, कोणाची जबरदस्ती नाही आणि डोके ठिकाणावर आहे. मन शांत आहे असे मात्र लिहीत नाही, कारण ते खोटे ठरेल. वकिली भाषा मला येत नाही; शब्द चुकला असेल तर हेतू पाहावा.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी रूममेट उल्का हिने करावी. ती साक्षीदारही आहे, त्यामुळे कायद्याने तिला काही देता येत नाही. हे सांगितल्यावर ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "मग राइस कुकर आजच दे ना, लाह!" तो तिला दिला आहे. या कागदाशी त्याचा संबंध नाही.

कलम २. मी एम्प्लॉयमेंट पासवर असल्यामुळे माझा सीपीएफ, म्हणजे इथला भविष्य निर्वाह निधी, नाही. बँकेत जे आहे त्याचे तीनातले दोन भाग माझी आई, कुमुद, हिच्या एकटीच्या नावे करावेत. बाबांनी त्यातून बोटीचे इंजिन घेऊ नये. आईचे डोळे आधी.

कलम ३. सायकल भाऊ अमेयला. तो टँकरवर ऑइलर आहे, इंजिनाचे तेलपाणी बघतो. त्याचे जहाज इथे लागले की आम्ही ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जायचो आणि तो माझीच सायकल पळवायचा.

कलम ४. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तिच्या दाखल्याची एक प्रत शिरीषकाकांना द्यावी. मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरगी शिकून काय बोटी बुडवणार आहे?" प्रत लॅमिनेट करून द्यावी, म्हणजे फाडता येणार नाही.

कलम ५. माझे व्हर्निअर कॅलिपर आणि चार वह्या माझ्या जागी येणाऱ्या इंजिनिअरला द्याव्यात. वह्यांत काय आहे ते सांगणे भाग आहे.

आमची कंपनी व्यापारी जहाजांना सशस्त्र पहारेकरी पुरवते. सिंगापुरात आमच्याकडे एक काडतूसही नसते. शस्त्रे दूर समुद्रात, जहाजांवरच असतात. गेल्या वर्षी माझ्याकडे काम आले: लांब पल्ल्याची, भरवशाची अर्धस्वयंचलित रायफल निवडायची. तीन नमुने होते. परदेशातल्या परवाना असलेल्या रेंजवर मी ते खाऱ्या पाण्यात बुडवले, ओल्या पेटीत आठवडाभर ठेवले, त्यांत वाळू टाकली, प्रत्येकातून दोन हजार गोळ्या झाडून घेतल्या आणि कोणती रायफल किती वेळा अडली ते मोजले. सर्वात हलकी एकतीस वेळा अडली. सर्वात जड, दिसायला ओबडधोबड, ती एकदाच. मी तीच निवडली. अमेयसारखी मुले ज्या जहाजांच्या पोटात झोपतात, त्यांच्या डेकवरची रायफल ऐन वेळी अडता कामा नये, एवढेच मनात होते. अहवाल एक्केचाळीस पानांचा झाला. कंपनीने बारा रायफली घेतल्या. आईने हर्णैला पेढे वाटले.

एप्रिलमध्ये आम्ही राखण करत असलेल्या एका जहाजाकडे एक छोटी बोट वेगाने आली. इशाऱ्याच्या दोन गोळ्या झाडल्या. बोट वळली नाही. तिसऱ्या गोळीने बोटीतला एक माणूस गेला. नोंदीत लिहिले आहे: संशयित चाचे, हातात लांब वस्तू.

पहाऱ्याचे प्रमुख प्रताप हे साताऱ्याचे निवृत्त सैनिक. परत आल्यावर ते मला मनापासून म्हणाले, "मॅडम, रायफल एक नंबर निवडलीत. एकदाही अडली नाही बघा." मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या हातातल्या कागदांत जे नव्हते ते त्यांना कुठून कळणार?

बाबांना मी फोनवर सगळे सांगितले. बोट कशी आली ते त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाले, "पाण्यात जाळं होतं काय गं?"

"मला काय माहीत, बाबा?"

"मग बघ. मोठं जहाज जाळ्यावर यायला लागलं की आम्ही पळत नाय. त्याच्याच अंगावर जातो, बांबू हलवत. तू आठ वर्षांची होतीस, बसलेलीस की माझ्या बोटीत. रडून नुसता गोंधळ घातलेलास."

मी जहाजाच्या कॅमेऱ्यातले फोटो पुन्हा उघडले. बोटीच्या मागे प्लॅस्टिकचे पांढरे कॅन ओळीने तरंगत होते. आमच्या जाळ्यांनाही तसेच कॅन बांधतात. मीठ, वाळू, वजन, सुटे भाग, सगळे मी लिहिले होते. समोरून येणाऱ्या बोटीत कोण असू शकते, हे त्या अख्ख्या कंपनीत एकट्या मला माहीत होते आणि मी ते लिहिले नाही, कारण फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. परीक्षेत भरावेत तसे मी दिलेले रकाने भरले.

आता मी बेचाळिसावे पान लिहिले आहे: जाळे कसे ओळखावे, जहाजाने कुठे वळावे, आणि कधी गोळी झाडू नये.

कलम ६. शिलकीचा तिसरा भाग बोटीतल्या त्या माणसाच्या घरच्यांना मिळावा. त्याचे नाव मी तीनदा विचारले, कोणी दिले नाही. नाव नसलेल्याला मृत्युपत्राने काही देता येत नाही, असे उल्का म्हणते. तरीही उल्काने विचारत राहावे. पैसे पोचले नाहीत तरी चालेल, नाव आमच्या घरी कळवावे. बाबांनी मागितले आहे.

कलम ७. माझी सही. ती मी कोणालाही देत नाही.

आमच्याकडे एकदा दिलेली तांत्रिक मंजुरी पुढच्या ऑर्डरलाही चालते. आता त्याच रायफलीच्या आणखी चाळीस नगांची ऑर्डर तयार आहे, माझ्या जुन्या सहीवर. माझे साहेब दीपेश यांना मी ती मंजुरी मागे घेत असल्याचे दोनदा लेखी दिले. दोन्हीवर 'विचाराधीन' असा शेरा पडला.

ते म्हणाले, "रायफल खराब आहे का जाई?"

"नाही सर. उत्तम आहे. म्हणूनच."

"अगं, मग अडचण काय? त्या बेचाळिसाव्या पानाने क्लायंट घाबरतील. आणि तू जहाजावर जाऊन काय करणार? रायफलींना हळदकुंकू?"

पान छापत नाहीत, म्हणून ते पहारेकऱ्यांना तोंडी सांगायला मी जात आहे. शनिवारी सकाळी मी कोलंबोच्या विमानात असेन आणि रविवारी श्रीलंकेतल्याच गॉल बंदराबाहेर जहाजावर चढेन; सोमवारी भर समुद्रात असेन. जहाज पुढे ज्या पट्ट्यातून जाईल तिथे हल्ले होतात, हे मला ठाऊक आहे. मी परत आले तर रोज नकार देईन. न आले, तर माझ्या मागे ती सही जिवंत राहू नये. बेचाळिसावे पान जोडल्याशिवाय या रायफलीची माझी शिफारस रद्द समजावी, हीच माझी अखेरची इच्छा आहे. मृत्युपत्राने असे होते की नाही, मला माहीत नाही. माझ्याकडे दुसरा कागद उरलेला नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना सही केली.

जाई गोपीनाथ चोगले
आंग मो किओ, सिंगापूर
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार १: उल्का श्रीनिवास देवधर. जाईने माझ्यासमोर सही केली. मी नाव विचारत राहीन.

साक्षीदार २: दीपेश कर्णिक. साक्ष फक्त सहीची आहे. कलम सातबद्दल सोमवारी बोलू.