कुर्लीचा रिमोट

१८ डिसेंबर, गुरुवार
सरांनी आज एकदाचं सांगून टाकलं. "ज्याचं गियर चालेल, तोच कोल्हापूरच्या स्पर्धेत रोबो चालवेल. दुसरा घरी. गाडीत जागा नाही." म्हणजे मी किंवा सुहास. मागच्या सीटवर आमचा रोबो कुर्ली (म्हणजे खेकडा, दोन चिमटे आहेत म्हणून), तिला धरायला आणि वायरिंग बघायला मंग्या. पुढे स्टिअरिंगवर सर. उरली एक जागा. ती माझी. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे, गेली दोन वर्षं मी नट आवळले आणि रिमोट दुसऱ्यांनी धरला. आता नाही.

सुहासचं म्हणणं, चाकाला मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, घालूया, वेग कमी पण रेटा जास्त. माझं म्हणणं, बारकं घाला. सुसाट जायचं, धडक द्यायची, समोरचा रिंगणाबाहेर. त्याला हे एवढं बोलायलाही अर्धा तास लागतो. मी म्हटलं, "तुजो रोबो पोचासर समोरचे चाय पिऊन येतले." सगळे हसले. तोपण हसला. हसतो कशाला मेला?

१९ डिसें.
पुन्हा तेच. "दीपा, माका वाटता मोटर गरम होतली." मी: "तुजा डोक्या कधी गरम होतला?" मंग्या खाली बघत सोल्डर करत बसला.
सुहास भांडत नाही. भांडला असता तर सोडला असता. असा गप्प राहिला की अजून टोचावंसं वाटतं.

२१ डिसें., रविवार
कॉलेजच्या हॉलमध्ये परीक्षेची बाकं लावलीत, म्हणून ट्रायल सुहासच्या घरी, खळ्यात. कणकवलीहून आत बरंच. भात झोडून झालंय, खळं मोकळं. त्याची आई दारातच. "येवा, बसा. तुम्ही येतलास म्हणान सकाळीच सारवलंय. पाय सांभाळा हां, गुळगुळीत झाला हा." खरंच आरशासारखं केलं होतं. शेणाचा वास आणि वर रांगोळीसुद्धा! रोबो काय लग्नाला आलाय?

भाताची अर्धी गोण ठेवली, कुर्लीने ती रेटायची. आधी सुहासचं मोठं स्प्रॉकेट. आली डुलत डुलत, गोणीला टेकली, चाकं जागच्या जागी फिरली, गोण सरकली थोडी थोडी. मग माझं. सूं करून गेली, धाड. चाकं तशीच फिरली, गोण तेवढीच सरकली. म्हणजे रेटा सारखा आणि वेग माझा दुप्पट! मोटरला हात लावून बघितला, थंडगार. सुहासला बोलावून त्याचापण हात लावायला लावला. "गरम आसा काय रे?" नाही म्हणाला.
सर म्हणाले, ठरलं.
काकींनी घावणे केले होते. मी चार खाल्ले. सुहास वाढत होता.

२२ डिसें.
मोठी स्प्रॉकेटं पेटीत उगाच जागा खातायत. डेपोत सुहासच्या हातात दिली, सगळ्यांसमोर. "घे. काकीक दी. पापड वाळत घालताना वजन होतला, वाऱ्यान उडूचे नाय." त्याने कुडाळहून ती खास आमच्या शाफ्टच्या मापाने करून आणली होती, तीन खेपा घालून. पिशवीत टाकली. वर मीच म्हटलं, "तू घराक बसान बघ. मोबाइलवर दिसतला."
त्याची गाडी सुटली. बरं वाटलं. खूप बरं वाटलं. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी उगाच गळा काढणार नाही.

४ जाने.
तारकर्लीला घरी. बाबा होडी ओढून आले आणि पहिला प्रश्न, "तुजी ती कुर्ली खंय?" पुरुषभर उंचीची असेल असं त्यांना वाटत होतं. फोटो दाखवला तर तोंड वाकडं. म्हणाले, "जिंकलंस तर फोन कर. हरलंस तर थंयच रव." आई ओरडली त्यांच्यावर. ते हसले नाहीत. आजवर मी ज्यात ज्यात हरले ते सगळं त्यांना पाठ आहे, शाळेतल्या लिंबू-चमच्यापासून.

९ जाने., शुक्रवार, कोल्हापूर
हरलो.
रिंगणात रबरी मॅट. नियमांत लिहिलेलं होतं, सगळ्यांनी वाचलेलं होतं, सरांनीसुद्धा. मी सुसाट सोडली, धाड, समोरचा हललासुद्धा. मग दोघं अडकले. मी पूर्ण जोर दिला आणि कुर्ली मेली. फ्यूज. जळका वास. समोरच्यांनी तिला ढकलत ढकलत बाहेर काढली, सावकाश, कचरा लोटतात तशी. त्यांच्यातली एक मुलगी टाळ्या वाजवत होती. शिरा पडो तिच्या तोंडार.

दुपारभर डोकं धरून बसले तेव्हा कळलं. खळ्यात चाकं घसरत होती, म्हणून मोटरवर ताण आलाच नाही. कुठलंही गियर घातलं असतं तरी रेटा सारखाच दिसला असता. इथे मॅटने चाकं पकडली, चाकं घसरेनात, मग सगळा ताण मोटरवर. काकींनी पाहुणे येणार म्हणून खळं सारवलं आणि स्वतःच्या मुलालाच घरी बसवलं. मंग्याला सांगितलं तर म्हणतो, "ह्यां सुहासाक सांगू नको हां."

उद्या दोन सामने. दोन्ही जिंकलो तरच पुढे. इथले लेथवाले म्हणतात, सुहासच्यासारखं मोठं स्प्रॉकेट सोमवारी मिळेल.

संध्याकाळी सुहासला फोन केला. काय झालं विचारलं त्याने, अगदी काळजीने. त्या काळजीनेच माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "तुझ्या आवशीन खळा गुळगुळीत केल्यान नी आमची वाट लागली." बोलून गेले. खोटं नव्हतं.
तो: "पयल्या गाडीन येतंय. स्प्रॉकेटां हाडतंय. पण रिमोट माझ्या हातात. तू बाजूक बसान बघ. नी सरांका तूच सांगायचा."
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
सरांना सांगितलं नाही.

१० जाने., शनिवार
आला. आंघोळ करून, केस विंचरून. माझ्याकडे बघितलं नाही. स्प्रॉकेटं काढली तर दातांत उडदाचं पीठ वाळलेलं. काकींनी खरंच पापडांवर ठेवली होती! मंग्याच्या तोंडून हसू फुटलं, सुहासने वर बघितलं, मंग्या वायरी गुंडाळायला लागला. तो खाली बसला आणि पिनेने एकेक दात साफ केला. मला म्हणाला, "धर." मी कुर्लीला उलटी धरून बसले. दोन वर्षं जे केलं तेच.

बसवून झालं. चेन ताणली, फ्यूज नवा. मॅटच्या कोपऱ्यावर कुर्लीने मंग्याचा पाय रेटून बघितला. मंग्या सरकला.
चालणार. मला माहीत आहे, चालणार.

सुहास रिमोटसाठी हात पुढे करून उभा आहे. मी म्हटलं, थांब, दोन ओळी लिहिते. म्हणाला, "लिही. माका घाई नाय."
हरावा असं वाटतंय. आमचीच कुर्ली, माझं शेवटचं वर्ष, आणि त्याच्या हातात ती हरावी. जिंकला तर बाबांना फोन करून सांगू काय, कोण जिंकलं म्हणून?
आमचं नाव पुकारलं. सर विचारतायत, "दीपा, चल, बसलीस काय?" सुहास नुसता बघतोय, मी सांगते का.
रिमोट माझ्या मांडीवर आहे.