सुरुवात सेक्रेटरींपासून व्हावी

कर्वेनगर, पुणे
शनिवार

प्रिय रतन यास,
थोरल्या भावाचा, म्हणजे शांतवनचा, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. प्रभुकृपेने आम्ही दोघं ठीक आहोत, माझे गुडघे सोडल्यास. तुझी साखर कशी आहे? मालनच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं उडत उडत कळलं. तुझ्या आयुष-दीपालीला मुलगी झाल्याचंही चर्चच्या पायरीवर परक्या माणसाने सांगितलं, वर ‘आजोबा झालात’ म्हणून माझा हात हलवला. मी आपली मान डोलावली. (मुलीचं नाव काय ठेवलं, असं त्यानेच मला विचारलं. मी खोकला काढला.) कर्वेनगर ते कात्रज अंतर ते काय, रिक्षावाल्याने नाही म्हणण्याइतकं! चार वर्षांत आपल्याला ते ओलांडता आलं नाही. चूक कोणाची ते पुढे येईल. मी जन्मभर मास्तरकी केली, मुद्द्यावर यायला मला तास लागतो.

तर झालं असं, की जूनमध्ये मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. झालो म्हणजे, सभेतून पाणी प्यायला बाहेर गेलो आणि परत आलो तर टाळ्या वाजत होत्या. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर सूचना लावली. रविवारी दुपारी बारापर्यंत ड्रिल मशीन, गाड्या धुणे व भांडणे बंद. वार्षिक संमेलनात हाउजी बंद, कारण तो जुगार. पार्किंगमध्ये शिव्या बंद. थर्टी फर्स्टला गच्चीला कुलूप. अठ्ठावीस बिऱ्हाडांत ख्रिस्ती बिऱ्हाड एकच, आमचं. पण मला वाटलं, चांगलं ते सगळ्यांनाच चांगलं, त्यात विचारायचं काय! तुझी वहिनी म्हणाली, अहो, लोक हसतील. मी म्हटलं, तारू बांधताना नोहालाही हसले होते. (यावर तीच पहिली हसली.)

आमच्या खालच्या मजल्यावर शरच्चंद्र केळकर राहतात, कोर्टातले निवृत्त कारकून. हे गृहस्थ देव मानत नाहीत, पण लेखी कागद मानतात. त्यांनी माझ्या सूचनेखाली चिठ्ठी डकवली: ‘सेक्रेटरींनी नियमांचा उगम कळवावा.’ मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, चला, एक आत्मा जागा झाला. मी शास्त्राची, आपल्या बायबलची, प्रत त्यांना घरपोच दिली. त्यांनी ती पेन्सिल घेऊन, खुणा करत, तीन आठवडे वाचली. (एवढं सलग मीही वाचलेलं नाही, हे तुझ्यामाझ्यात.) मग फळ्यावर दुसरी चिठ्ठी आली: ‘उगम पाहिला. नियम उत्तम आहेत. सुरुवात सेक्रेटरींपासून व्हावी.’ खाली यादी होती.

ज्याच्याकडे दोन अंगरखे त्याने एक द्यावा, असं आहे ना? सेक्रेटरींकडे पार्किंगच्या जागा दोन, आणि एकीवर बारा वर्षं बंद पडलेली स्कूटर. दिली बाबा जागा, शेजारच्या साईच्या बाईकला. मागेल त्याला दे, असंही आहे. ते वाचून राजनंदिनीबाईंनी शिडी नेली, कोणी छत्री नेली, आणि शुक्रवारी कोणीतरी येऊन तुझ्या वहिनीचा पाच लिटरचा कुकर नेला, तोही आत डाळ असताना. गोदाबाई पाण्याच्या टाकीवरून माझ्यावर पाऊण तास ओरडल्या आणि मी तोंड उघडलं, तशी मागून कोणीतरी पोर म्हणालं, काका, आता दुसरा गाल. साऱ्या सोसायटीची नुसती चंगळ चालली होती!

मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गाऱ्हाणं नेलं. ते शांतपणे म्हणाले, बाहेरच्यांचा न्याय करायचं काम पौलाने स्वतःकडेही घेतलं नव्हतं, तुम्हाला कोणी दिलं? ज्यांनी देवाशी तो करार केलाच नाही त्यांना त्याची कलमं कशी लावता? गेल्या मार्चमध्ये यावरच उपदेश झाला, तुम्ही तिसऱ्या बाकावर झोपला होता. रतन, मी मास्तर माणूस. ज्या पोराचं नाव माझ्या शाळेच्या पटावर नाही, त्याला मी कधी गृहपाठ विचारला नाही. आणि इथे अठ्ठावीस बिऱ्हाडांना छडी घेऊन उभा! मी सूचना काढली. संमेलनात हाउजी झाली, आकडे मीच पुकारले, आणि फुल हाउस तुझ्या वहिनीला लागलं. बक्षीस कुकर. (तीन लिटर, पण तक्रार नाही.)

एवढ्यावर थांबलं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. काल संध्याकाळी शरच्चंद्र शास्त्र परत द्यायला आले. त्यांनी एक खूण दाखवली: भावाचं आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, तुमचे बंधू कात्रजला असतात ना? मी म्हणालो, सुरुवात त्याने केली. ते म्हणाले, इथे ते विचारलेलं नाही.

मला झोंबलं. कारण सुरुवात तू केलीच नव्हतीस. आयुषचं लग्न ठरलं तेव्हा दीपालीच्या वडिलांना, दशरथरावांना, आठ कलमी पत्रक मी पाठवलं: हळद नको, मुहूर्त नको, बँड नको, जेवणाआधी वऱ्हाडाने प्रार्थना म्हणावी. यवतमाळकडची साधी माणसं, आपल्या लेकीचं लग्न आपल्या रीतीने करत होती, आणि मी त्यांच्याकडून माझा धर्म पाळून घ्यायला निघालो होतो. वर रुसून लग्नाला आलो नाही. तू त्या दिवशी दोनदा फोन केलास, मी घेतला नाही. फार वाईट वागलो रे. मला माफ कर.

उद्या चर्चमध्ये कापणीचा सण आहे. अर्पण द्यायचं आहे. समजून घे.

तुझा दादा,
शांतवन

ता. क. दशरथरावांकडे ते पत्रक अजून असेल तर फाडायला सांग. ठेवायचंच असेल तर निदान शुद्धलेखन निर्दोष आहे, हे मान्य व्हावं.

ता. क. दुसरा. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून पत्र घेऊन स्वतःच आलो. तुमच्या गेटवर वॉचमनच्या स्टुलावर बसून हे लिहितो आहे. वहीत ‘काम’ या रकान्यात ‘नात बघणे’ असं लिहिलं. त्याने विचारलं, बोलावलंय का? मी खरं तेच सांगितलं, त्यामुळे तो मला वर सोडत नाही. पत्र तोच घेऊन येतो आहे. ये म्हणायचं असेल तर गॅलरीतून नुसता हात कर. नको म्हणायचं असेल तरी गॅलरीत ये, तुला बघून चार वर्षं झाली.