रुमालाचा उंदीर आणि अभिप्रायाची वही

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (टेबल आणि कपाट यांच्यामध्ये आडवं व्हायला जागा नाही, म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे. चालवून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? आई विचारते आहे की घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला लावायचं भिंग बदललंत, की अजून त्या तडा गेलेल्या भिंगावरच भागवताय? उत्तर काहीही आलं तरी ती तुम्हाला बोलणारच आहे, तेव्हा खरं तेच कळवा. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो: इकडे सगळं क्षेम आहे. फक्त वाचनालय, माझी नोकरी आणि माझी अब्रू या तीन गोष्टी येत्या रविवारी दुपारी चारनंतर जागेवर असतील की नाही, एवढंच सांगता येत नाही.

पुढचा विषय तुमच्यापुढे काढायला जीभ रेटत नाही. बाबा गेल्यावर आई मला घेऊन तुमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून मी बघतोय, तुम्हाला त्या माणसाचं नाव चालत नाही. रेडिओवर त्यांचं नाव आलं की तुम्ही हातातलं घड्याळ तसंच टाकून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहायचात. संप म्हणा, क्रांती म्हणा, कुणी शब्द काढला की 'आपण घड्याळवाले, आपला काय संबंध' म्हणून विषय मिटवायचात. तुमच्या मनाला त्रास नको म्हणून मी या पत्रात त्यांचं नाव घालत नाही, नुसतं कॉम्रेड म्हणतो. तर हे कॉम्रेड. यांनी कारखान्यांमधला तो मोठा संप चालवला, दोन वर्षं भूमिगत राहिले, पकडले गेल्यावर सहा वर्षं तुरुंगात काढली, आणि कारखाना राबणाऱ्याचा, जमीन कसणाऱ्याची, एवढी एकच गोष्ट मरेपर्यंत लोकांना सांगत राहिले. त्यांना जाऊन यंदा पंचवीस वर्षं झाली. म्हणून वरून हुकूम आला की त्यांच्या जीवनावर आणि विचारांवर आमच्या वाचनालयाच्या सभागृहात महिनाभर प्रदर्शन भरवावं. चोवीस फलक आले, त्यातले तीन उलटे लावले गेले, ते मी दुसऱ्या दिवशी सुलटे केले.

आता आमचे साहेब. (नगरपालिकेचे. माणूस वाईट नाही, पण रिकामी खोली दिसली की त्यांना झोप लागत नाही.) त्यांचा कधीपासून या सभागृहावर डोळा आहे. पाणीखात्याचे मोडके मीटर ठेवायला त्यांना जागा हवी आहे. त्यांनी मला बोलावून शांतपणे समजावलं: या प्रदर्शनाला लोकांचा प्रतिसाद मिळाला, तर वाचनालय लोकांना हवं आहे असं ते वर कळवतील. नाही मिळाला, तर पुस्तकं गोणीत आणि मीटर फळीवर. प्रतिसाद म्हणजे काय, असं मी विचारलं. तर म्हणाले, अभिप्रायाच्या वहीत दोनशे अभिप्राय. लोक फलक बघतात की पंख्याखाली डुलक्या काढतात याच्याशी वरच्यांना कर्तव्य नाही.

पहिल्या आठवड्यात अभिप्राय आले नऊ. दोघांनी लिहिलं की पंखा आवाज करतो. एकाने विचारलं की संडास कुठे आहे. चौघांनी 'छान' लिहिलं, त्यातल्या एकाने छान खोडून पुन्हा छान लिहिलं. समोरच्या शिंप्याने अर्धा तास फलकांना नाक लावलं आणि लिहिलं, 'चोवीस फलकांत कोट एकच आहे. खांद्याची शिलाई उत्तम.' आणि पिशवी घेऊन आलेल्या एका बाईंनी अकराव्या फलकाखाली बराच वेळ उभं राहून लिहिलं, 'दोन वर्षं घरी वाट बघत बसलेल्या माणसांचा फोटो कुठे आहे?' मी सगळे फलक पुन्हा तपासले. तसा फोटो नव्हता. अकराव्या फलकावर तर भूमिगत काळाबद्दल फक्त 'या दिवसांतील वास्तव्याची माहिती उपलब्ध नाही' एवढंच आहे आणि खाली एका बंद दाराचं चित्र. (चित्राची जागा वरून रिकामीच आली होती, ती साहेबांनी इथे भरून घेतली. दार आमच्याच स्टोअररूमचं आहे, मी कडी ओळखली.)

नऊ अभिप्राय आणि तीन आठवडे शिल्लक. मामा, तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत? तुम्ही काहीच केलं नसतंत, गप्प बसला असतात. मी तुमचा भाचा असूनही मला ते जमत नाही. मी सोळा वर्षं सभासदांच्या सह्या बघतोय, कोण कसं लिहितं ते मला पाठ आहे. मी डाव्या हाताने लिहिलं, हिरव्या शाईने लिहिलं, पेन्सिल चावून लिहिलं. एका निवृत्त पोस्टमनच्या नावाने मी चार ओळी इतक्या भावुक लिहिल्या की माझं मलाच भरून आलं. पण साठेक अभिप्राय झाल्यावर वाचून बघतो तर सगळे आपले थोर, महान आणि प्रेरणादायी. कुणाचाही संशय बळावेल. म्हणून मी 'एक करदाता' या नावाने विरोधी लिहिलं: सगळंच सगळ्यांचं झालं, तर जिना कोण झाडणार? आमच्या इमारतीत आत्ताच कुणी झाडत नाही.

इथून सगळं बिघडलं. (किंवा सुधारलं. अजून नक्की कळलेलं नाही.) कॉम्रेडांच्या पक्षातले दोन म्हातारे आहेत, पक्ष फुटला तेव्हापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एक सकाळी दहाला यायचे आणि चौदावा फलक, म्हणजे पक्षफुटीचा, भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. दुसरे संध्याकाळी पाचला येऊन तो सरळ करायचे. अभिप्राय लिहिणं दोघांनाही कमीपणाचं वाटे. पण करदात्याचा जिना वाचून दहाचे भडकले आणि त्यांनी दीड पान ठोकलं. पाचच्यांनी ते वाचलं, मुद्दा कच्चा आहे असं म्हणून वर अडीच पानं चढवली. करदात्याने गप्प बसून कसं चालेल? मी पुन्हा लिहिलं. शेवटी एका दुपारी ते दोघे एकाच वेळी आले, एकाच बाकावर बसले आणि दोघांनी मिळून करदात्याला असं काही धुतलं की त्याने पेनाला टोपण लावलं. तीस वर्षांचं भांडण मिटलं, तेही माझ्या विरुद्ध. खरं सांगायचं तर त्यांचं मला पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या इमारतीचा जिना झाडला. शेजाऱ्यांना वाटलं मला नोकरीवरून काढलं.

गावात बातमी फुटली की वाचनालयाच्या वहीत रोज भांडण असतं. लोक फलकांकडे पाठ करून वहीपुढे रांगेत उभे राहायला लागले. न्हाव्याने लिहिलं, बँकेच्या शिपायाने लिहिलं, एका जावेने दुसऱ्या जावेबद्दल लिहिलं (सामूहिक स्वयंपाकघराच्या संदर्भात, पण रोख कळत होता). आकडा एकशे अठ्ठ्याण्णववर गेला. दोनच कमी होते. त्या दिवशी मी भांडून थकलो होतो, म्हणून एकशे नव्याण्णवावा अभिप्राय जरा मऊ लिहिला. सही केली 'एक जुना सोबती'. लिहिलं की भूमिगत असताना कॉम्रेड आमच्या घरी अकरा दिवस होते. काळा चष्मा लावायचे, शेजाऱ्यांना सांगितलं होतं की डोळ्यांच्या उपचारांना आलेत. दिवे लागले की रुमालाला गाठी मारून उंदीर करायचे आणि तो दंडावरून पळवायचे. उंदराचं नाव शेठजी. घरातलं पोर विचारायचं, शेठजी, उद्या सुट्टी? शेठजी मान हलवून म्हणायचे, उद्या डबल पाळी! आणि पोरापेक्षा कॉम्रेडच जास्त हसायचे. (उंदीर माझाच आहे. दर शनिवारी गोष्टींच्या तासाला मी मुलांना करून दाखवतो. डबल पाळीला हमखास हशा येतो. बाकीचं सगळं रचलं.)

दोघे म्हातारे ते वाचून कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरत बसले. कॉम्रेडांना कुणी लपवलं होतं हे पक्षात आजवर कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी मरेपर्यंत त्या घराचं नाव सांगितलं नाही, घरावर संकट येईल म्हणून. आता हा जुना सोबती सापडलाच पाहिजे, असा दोघांनी साहेबांकडे धोशा लावला. साहेबांनी ताबडतोब जाहीर केलं: रविवारी चार वाजता समारोप आणि जुन्या सोबत्याचा सत्कार. सोबती आला, तर वाचनालय राहिलं. नाही आला, तर वही खोटी समजून चौकशी आणि सोमवारपासून मीटर. त्यात शिंपी काल वही चाळून गेला आणि जाताना सहज म्हणाला, करदाता, पोस्टमन आणि सोबती, टाके एकाच हाताचे दिसतात.

असो. हे सगळं तुम्हाला कशाला लिहिलं म्हणाल, तर काही नाही, मन मोकळं केलं. गुडघ्याला शेकत जा. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. मन मोकळं केलं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मामा, तुम्ही रविवारी या आणि जुना सोबती म्हणून खुर्चीत बसा. तुम्हाला इकडे कुणी ओळखत नाही, वय बरोबर जुळतं आणि गप्प बसण्यात तुमचा हात धरणारा कुणी नाही. भाषण करायचं नाही. कुणी काही विचारलंच तर खोकायचं (मामींकडून शिकून घ्या). तुम्हाला ते विचार पटत नाहीत हे मला मान्य आहे. पटायची गरज नाही. फक्त त्यांचं नाव आलं की उठून बाहेर जायचं नाही, एवढं माझ्यासाठी सांभाळा. मी तुमचे पाय धरतो.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं. आज दुपारी कॉम्रेडांची मुलगी आली होती. पहिल्या आठवड्यात पिशवी घेऊन आलेल्या बाई त्याच, शाळेत गणित शिकवतात. त्यांनी वही उघडली आणि एकशे नव्याण्णवावा अभिप्राय उभ्याने वाचला. मग पुन्हा वाचला. मग खाली बसल्या. म्हणाल्या, शेठजी कुठल्याच पुस्तकात नाही. बाबा घर सोडून गेले तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या, तोवर रोज तो उंदीर त्यांच्या दंडावरून पळायचा. तुरुंगातून बाबा परत आले तेव्हा त्या चौदाच्या. बाबांनी पुन्हा कधी उंदीर केला नाही आणि त्यांनी मागितला नाही. इतकी वर्षं त्या समजत होत्या की जगाच्या काळजीत बाबा उंदीरही विसरले आणि आपल्यालाही. हे लिहिणारा माणूस हयात आहे का, असं त्यांनी मला विचारलं.

मामा, एरवी मला थापा शोधाव्या लागत नाहीत. आज एकही सुचली नाही. मी खिशातला रुमाल काढला आणि गाठी मारल्या. त्यांनी उंदीर हातात घेतला आणि म्हणाल्या, डावा कान लहान, बाबांचाही असाच व्हायचा. तुम्हाला कुणी शिकवला? मी म्हटलं, मामांनी. म्हटलं खरं, आणि मग माझं मलाच नवल वाटलं. तुम्ही मला घड्याळाला चावी द्यायला शिकवलंत, सायकल शिकवलीत, दोनदा चांगले फटके दिलेत. पण तुमच्या हातात मी जन्मात उंदीर पाहिलेला नाही. मग मला तो येतो कसा?

तिसरा ता. क. पाकीट पुन्हा उघडलं, आता त्याचा गोंद गेला आहे, टाचणी लावतो आहे. सगळं पत्र मी आईला वाचून दाखवलं. जुन्या सोबत्याचं तेवढं पुन्हा वाच म्हणाली. वाचलं. मग म्हणाली, 'अकरा नव्हे, सतरा दिवस. आणि चष्मा काळा नव्हता, निळा होता.' एवढं बोलून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली, डोळे पुसलेले होते, आणि म्हणाली, 'दादाला लिही, ज्याला शब्द दिला होता तो गेला, पकडणारेही गेले. आता कुणासाठी गप्प बसलायस? ती पोर वाट बघतेय.'

तेव्हा मामा, वरचा पहिला ता. क. रद्द समजा. खोकायची गरज नाही. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, उंदराखेरीज मला दुसरं काही आठवत नाही, त्यांच्या मुलीला तुम्हालाच सांगावं लागेल. आणि रेडिओवर नाव आलं की तुम्ही ओट्यावर का जायचात, ते मला चाळीस वर्षांनी आज कळलं. माझं चुकलं.

वहीत मी अकरा खोडून सतरा केलं आहे. या वेळी माझ्या स्वतःच्या अक्षरात.