माथ्यावरचा चौथरा

३ मे, मंगळवार

आज पवित्र क्रुसाचा दिवस, म्हणजे गवंड्यांचा सण. दरवर्षी कागदी फुलांनी सजवलेला क्रूस आमच्या गावच्या छोट्या पिरॅमिडच्या माथ्यावर दोरांनी बांधतात. गेल्या वर्षी वाऱ्याने तो पाडला. यंदाचे मानकरी बाबा. मी वर गेले, तर क्रूस काँक्रीटच्या चौथऱ्यात रोवलेला! खाली हजार वर्षांपूर्वीची तांबडी रंगवलेली चुन्याची जमीन. ती सांभाळायलाच तर सरकारने मला नेमलंय.

"हे चालणार नाही," मी म्हटलं.

खाली सणाच्या पंगतीत बाबांच्या टोळीतले रेफुखिओकाका मोलेच्या तिखट रश्श्यात भात कालवत हसले. "आल्या पदवीधर बाई. बसा, आधी जेवा. दगड काही पळून जात नाहीत."

बाकीचे गवंडीही हसले. बाबा नाही.

४ मे

जेवताना बाबांना सांगितलं – शुक्रवारपर्यंत चौथरा काढा, नाहीतर मला अहवाल पाठवावा लागेल. मानकऱ्याच्या नावाने. खटला भरतात.

"तुझं काम तू कर."

"खाली काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, बाबा."

त्यांनी मक्याच्या तोर्तियाचा तुकडा मोडला, तसाच ताटात ठेवला आणि उठले. आई म्हणाली, "बापाला काही माहीत नसतं, हे शिकवलं होय गं शहरात? त्याच्याच मजुरीवर शिकलीस."

५ मे

शहरातून शाळेची सहल आली. एका मुलीने क्रुसाकडे बोट दाखवून विचारलं, "हाही तेवढाच जुना आहे का?" हो म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. नाही म्हटलं. मग चौथऱ्याचे फोटो काढले, चारही बाजूंनी. दोन पुसट आले.

६ मे, शुक्रवार

चौथरा जागेवरच.

दुसऱ्या कुणाचा बाप असता तर लिहिलंच असतं ना? मग.

'नुकसान करणाऱ्याचे नाव' – एलेउतेरिओ तेकुआनुएई. खाली माझी सही. आडनाव तेच. बारा वाजता अहवाल शहरातल्या कार्यालयात पाठवला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते मोरीपाशी थापी धूत होते. "बरं," म्हणाले. थापी पुन्हा पहिल्यापासून धुतली.

७ मे

आईने माझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं.

८ मे, रविवार

आज सुट्टी म्हणून बाबा चौघा गवंड्यांना घेऊन पहारींसकट वर आले. मी आडवी गेले – जमीन फुटेल. रेफुखिओकाका म्हणाले, "बाजूला व्हा, बाई." हसले नाहीत.

चौथरा अख्खा उचलला गेला. खाली चटई. चटईखाली चार बोटं चाळलेली वाळू. बाबांनी ती हातानेच सारली. तांबडा रंग जसाच्या तसा. ओरखडा नाही.

"सांगायचं होतं ना, बाबा."

"तू विचारलंस कुठे? सांगतच होतीस."

अहवालाची पोच कालच आली.